भाजलेल्या मुगाचा वास

साल १९५५. त्या वर्षी कलकत्त्यात आंबा उदंड आला होता आणि टालीगंजच्या स्टुडिओंमध्ये संशय. चहाच्या दुकानात कुणी नव्या चित्रपटाची गोष्ट सांगू लागला, की शेजारच्या टेबलावरचा माणूस हातातला कप हातातच ठेवून कान टवकारायचा. लेखक एकमेकांना भेटले की प्रकृतीची चौकशी करायचे, उन्हाळ्याबद्दल बोलायचे, फुटबॉलवरून भांडायचे. फक्त सध्या काय लिहितोस हे कुणी कुणाला विचारायचे नाही.

क्षितीश भादुडी तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. चार वर्षे तो दुसऱ्यांच्या पटकथांतले संवाद घासूनपुसून देत होता. लोक थिएटरात त्याच्या वाक्यांना हसायचे, रडायचे, आणि पडद्यावर नाव भलत्याचेच. एकदा त्याने विश्वासाने आपली एक गोष्ट एका ज्येष्ठ गृहस्थांना ऐकवली होती. वर्षभरात तिचा चित्रपट झाला. क्षितीशने तो तिकीट काढून पाहिला. दुधाने तोंड पोळले ते तेव्हापासून. आता त्याने स्वतःची पटकथा लिहिली होती, अगदी पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि ती तो कुणाच्या हाती देत नव्हता. दिग्दर्शक अनादी मित्तिर, ज्यांच्यासाठी ती लिहिली होती, त्यांनासुद्धा त्याने ती वाचूनच दाखवली.

"अरे, मी दिग्दर्शक आहे की शेजारी?" अनादीदा म्हणाले होते. "कागद बघू तरी दे."

"ऐका ना, अनादीदा. कान आहेत की तुम्हाला."

"पुरलेल्या हंड्यावरचा नाग बरा, तो निदान फुसकारून तरी सांगतो."

पण ऐकून झाल्यावर अनादीदा एवढेच म्हणाले, "रविवारी दर्जीपाड्यात वाचायची. स्वच्छ धोतर नेस."

दर्जीपाड्यात गोष्ठबिहारी कुंडू राहत. लोखंडाचा मोठा व्यापार, तीन मजली घर, आणि चित्रपटात पैसा घालायची हौस. मात्र गोष्ट निवडायची त्यांची रीत न्यारी होती. पटकथा त्यांच्या दिवाणखान्यात वाचायची. पुरुष गादीवर बसणार. शेजारच्या खोलीच्या दाराला लाकडी झडपा. त्या झडपांआड घरातल्या बायका. आणि बायकांच्या पुढे, वेताच्या स्टुलावर, पिशीमा. पिशीमा म्हणजे गोष्ठबाबूंची थोरली बहीण क्षेमंकरी. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आईवेगळ्या गोष्ठला तिने वाढवले, आणि आता सत्तरीच्या उंबरठ्यावर सगळ्या घराच्या किल्ल्या तिच्या पदराला होत्या. सगळे घर तिला आत्याच्या नात्याने पिशीमाच म्हणायचे.

"पिशीमांनी आत नाक ओढलेलं ऐकू आलं, की समज कॅमेरा फिरला," अनादीदांनी जिना चढता चढता सांगितले. "आणि हसल्या तर आपण परत जिना उतरायचा."

क्षितीशला एक गोष्ट शुभ वाटत होती. गोष्ठबाबूंची सून रेबा ही त्याच्याच चेतल्याच्या गल्लीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात त्याने कंबर कसून पंगतीत लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, वाढल्या होत्या. वाचायला बसताना झडपांच्या फटीतून एक ओळखीचा डोळा हसल्यासारखा वाटला.

गोष्ट एका एकत्र कुटुंबातल्या विधवा काकूची आणि तिने वाढवलेल्या पुतण्याची होती. पहिला तास छान गेला. गोष्ठबाबूंनी मांडीवर थाप मारली. गरम सामोसे आले. पुतण्या परगावी शिकायला निघतो त्या दृश्याला झडपांआड कुणीतरी नाक ओढले, आणि अनादीदांनी क्षितीशच्या पाठीत हळूच कोपर मारले. मग ते दृश्य आले. क्षितीशला स्वतःला ते सगळ्यात आवडायचे, म्हणून त्याने आवाज खाली आणला.

"दुपार. सगळं घर झोपलंय. काकू आपल्या वेगळ्या चुलीशी. ती मूठभर मूगडाळ कोरड्या कढईत भाजते. वास घरभर जातो. माडीवर सासू झोपेतच म्हणते, धाकटीनं आज मूग टाकलेत वाटतं. इकडे काकू कढई उतरवते, भाजलेले मूग खिडकीतून चिमण्यांना टाकते. मग दुसऱ्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढते. आत शिजतेय मसूर."

बंगालात मसूर आमिषात, म्हणजे मांसाहारात धरत. मासा, कांदा, लसूण यांच्याच पंगतीला ती बसायची. विधवेच्या चुलीवर ती चढली की धर्म बुडाला. आणि शिजली की मसूर पिवळी होते, मुगासारखीच दिसते. फरक राहतो तो वासाचा.

क्षितीशने पान उलटले आणि वर पाहिले. झडपा मिटत होत्या. आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या.

"दीदी?" गोष्ठबाबू म्हणाले.

आतून पिशीमांचा कोरडा आवाज आला. "ऊन फार झालंय, गोष्ठ. त्यांना घरी जाऊ दे."

संदेश मिठाईची ताटली घेऊन नोकर दारापर्यंत आला होता. आतून काहीतरी खूण झाली असावी, कारण ताटली तशीच मागे वळली.

ट्रामच्या थांब्यावर अनादीदा म्हणाले, "काय लिहून ठेवलंस रे?"

"तुम्ही ऐकलंय ते. तुम्हीच म्हणालात, हे दृश्य म्हणजे अख्खा चित्रपट."

"मी म्हणालो. पण आज त्या घरात कुठंतरी पाणी मुरतंय." आणि त्यांनी क्षितीशकडे असे पाहिले, की जणू त्यानेच ते पाणी सोडले होते.

पुढचे दिवस वाईट गेले. दर्जीपाड्याहून ना हो आले, ना नाही. एका संध्याकाळी गल्लीतल्या वाण्याने क्षितीशला हाक मारली.

"लग्न जमतंय वाटतं, क्षितीशबाबू?"

"कुणाचं?"

"आता लाजू नका. एक गृहस्थ चौकशी करून गेले. छत्री, जाड चष्मा. घरी कोण कोण, मोलकरीण कुठून येते, दर्जीपाड्यात तुमचं जाणंयेणं कुणाकडे. मी म्हटलं, मुलगा हिऱ्यासारखा आहे, फक्त सिनेमात आहे."

छत्री आणि जाड चष्मा म्हणजे गोष्ठबाबूंचे कारभारी बंकूबाबू. क्षितीशच्या मनात पाल चुकचुकली. मोलकरणीशी त्यांना काय करायचे आहे? तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाला आणि सकाळपर्यंत त्याने सगळा उलगडा स्वतःशीच करून टाकला. त्यांना गोष्ट हवी होती, लेखक नको होता. याच्या पाठीशी कुणी उभे राहणारे आहे का, कोर्टात जाईल असा कुणी मामा-काका आहे का, ते पाहून घेत होते. आणि मग दोन दिवसांनी स्टुडिओसमोरच्या चहाच्या दुकानात त्याने पाहिले: पडद्यामागच्या टेबलाशी अनादीदा आणि बंकूबाबू, डोक्याला डोके लावून. तो आत आला तसे दोघे गप्प झाले. बंकूबाबूंनी छत्री उचलली आणि नमस्कार न करताच निघून गेले.

"बस," अनादीदा म्हणाले.

"कितीला विकलीत?"

"काय?"

"माझी गोष्ट."

अनादीदांनी टेबलाखालून पाय बाहेर काढला. चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. "तुझ्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळालं असतं तर मी या पायतणात फिरलो असतो का रे, गाढवा?"

"मग तो काय कुजबुजत होता?"

"तेच तर मला कळेना! मला विचारत होता, क्षितीशबाबू आमच्या घरात याआधी कधी आले होते का. गच्चीवर गेले होते का. मी म्हटलं, तो चोर आहे की पतंग? पिशीमांनी अन्न टाकल्यासारखं केलंय म्हणे. कुणाशी बोलत नाहीत. कारण कुणाला ठाऊक नाही, गोष्ठबाबूंनासुद्धा. मी तुझी रदबदली करत होतो. आणि तू मला विचारतोस कितीला." ते उठले. "चहाचे पैसे तूच दे."

क्षितीशचा विश्वास बसला असे नाही. संशय एकदा अंगाला लागला की माशाच्या वासासारखा, लिंबाने चोळला तरी जात नाही. पण गच्ची हा शब्द त्याच्या डोक्यात राहिला. गच्चीवर काय होते?

ते त्याला रविवारी कळले. दुपारी दार वाजले. दारात रेबा उभी होती. अंगावर साधी साडी, हातातले सोने नेहमीपेक्षा कमी, आणि डोळे सुजलेले. क्षितीशच्या विधवा आईने, सरयूबालाने, तिला हाताला धरून आत घेतले.

"अगं, माहेरी आलीस आणि आम्हाला पत्ता नाही! बस. किती वाळलीस!"

"माहेरी आले नाही, काकीमा. पाठवलंय."

"म्हणजे?"

"ट्रंक घेऊन. पिशीमा म्हणाल्या, ज्या सुनेच्या पोटात घरातली गोष्ट राहत नाही, तिनं आपल्या आईच्या पोटाशी जाऊन बसावं." रेबा क्षितीशकडे वळली. "क्षितीशदा, एक विचारते. खरं सांगा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मुगाचं."

सरयूबाला चहाचे आधण ठेवायला वळली होती. ती पाठमोरीच थांबली.

"गेल्या फाल्गुनात मी लोणच्याची बरणी आणायला गच्चीवर गेले होते," रेबा सांगू लागली. "पिशीमांचं स्वयंपाकघर गच्चीवर आहे, तिथं कुणी जात नाही. मी दारातून पाहिलं. कढईत मूग भाजून बाजूला ठेवलेले आणि ताटात मसूर. त्यांनीही मला पाहिलं. मी बरणी न घेताच खाली आले. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही, शप्पथ! त्या मला त्या दिवसापासून रोज माशाचा मोठा तुकडा वाढायच्या. आणि तुम्ही त्या दिवशी सगळ्या घरासमोर ते जसंच्या तसं वाचलंत. त्यांना काय वाटणार? मी तुमच्या गल्लीतली. आता सांगा, आमच्या आचाऱ्यानं सांगितलं? की शेजारच्या गच्चीवरून पाहिलंत?"

"मी कल्पनेनं लिहिलं, रेबा."

"कल्पनेनं!" रेबा रडतारडता हसली. "क्षितीशदा, मूग शिजवायच्या आधी भाजतात हे तरी कुठल्या पुरुषाला ठाऊक असतं? तुम्हाला पानात काय वाढलंय ते सांगावं लागतं. हे कल्पनेनं होत नाही. कुणीतरी बाईच हे जाणते. कोण ती, एवढं सांगा. मी जाऊन पिशीमांच्या पायावर डोकं ठेवते आणि तिचं नाव घेते. माझा संसार वाचेल."

चुलीवर आधण उतू जाऊन कोळशावर फसफसले. सरयूबालाने ते उतरवले नाही.

रेबा गेली. संध्याकाळी तिने त्याच्यापुढे भात आणि उकडलेला बटाटा ठेवला. त्या दिवशी त्या घरात कसलाच वास नव्हता.

"कधी पाहिलंस?" तिने विचारले.

"नऊ वर्षांचा होतो. शांतिपूरला, थोरल्या काकांच्या घरी. मला ताप होता. तुला वाटलं मी झोपलोय."

"आणि इतकी वर्षं—"

"कुणाला बोललो नाही, मा."

"बोलला नाहीस. लिहिलंस."

त्याने घास खाली ठेवला. "मला वाटलं, असं करणारी जगात तू एकटीच. मग कुणाला कळणार? कुणाच्या ध्यानात येणार? तुझ्या डोळ्यांत जे त्या वेळी होतं ना, तसं मी पुढं कुठंच पाहिलं नाही. तेवढ्यासाठी लिहिलं."

"जेव."

"मी उद्या जातो दर्जीपाड्याला. सांगतो, काशीच्या घाटावर एका म्हातारीकडून ऐकलं."

"काशीला कधी गेला होतास?"

"त्यांना काय ठाऊक?"

"तो छत्रीवाला गेल्या आठवड्यात तुझी मुंज कुठं झाली तेसुद्धा विचारून गेलाय. काशीला गेला होतास की नाही हे त्याला ठाऊक नसेल?" ती उठली आणि त्याच्या ताटात आणखी भात घातला. "उद्या मी येते."

"कुठं?"

"माझ्या घरची गोष्ट आहे. मीच सांगते."

"मा, तिथं सगळे ऐकतील. तुझं नाव..."

"त्या पोरीचं नाव गेलंच आहे ना? मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विधवेच्या बिनकाठी, पांढऱ्या धुतल्या थानात सरयूबाला रिक्षात बसली. पदराच्या टोकाला तिने काहीतरी गाठ मारून घेतले होते. दर्जीपाड्यात बंकूबाबू दारातच आडवे आले. गोष्ठबाबू गडबडीने बाहेर आले, नमस्कार झाला, आणि तिने एवढेच सांगितले, "मला तुमच्या दीदींचं स्वयंपाकघर पाहायचंय." असली मागणी त्या घरात कुणी केली नव्हती. नाही कसे म्हणतात हे गोष्ठबाबूंना सुचेपर्यंत ती जिन्याच्या अर्ध्यावर पोहोचली होती. क्षितीश मागोमाग निघाला आणि गच्चीच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर थांबला. विधवेच्या स्वयंपाकघरात पुरुषाने चपला घालून जायचे नसते, आणि चपला काढायचेही त्याला सुचत नव्हते. तिथून आतले सगळे दिसत होते.

पिशीमा पाटावर बसून वांगी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली नाही.

"मी क्षितीशची आई."

"ओळखलं. मुलानं पाठवलं?"

"नाही. मीच आले. त्याला हे कुठून कळलं ते दाखवायला." सरयूबाला चुलीशी बसली, पदराची गाठ सोडली. मूठभर मसूर लालभडक दिसत होती. "मूग तुमचे घेते. आहेत ना?"

सरयूबालाने फडताळातला डबा स्वतःच काढला. एका चुलीवर मसूर चढवली, दुसरीवर कोरडी कढई ठेवून मूग परतायला घेतले. गच्चीवर तो वास पसरला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणाले, "पिशीमांनी आज मूग टाकलेत का?" आणि वर दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलेही नाही.

"एवढं काय," पिशीमा म्हणाल्या. "मुलानं लिहिलेलं पाठ करून आलीस. सिनेमा बुडू नये म्हणून. माझ्या सुनेनं सांगितलं, तुझ्या मुलानं लिहिलं, तू पाठ केलंस. झालं वर्तुळ पुरं."

"पाठ केलं असतं तर आता हे मूग चिमण्यांना टाकले असते," सरयूबाला म्हणाली. "त्यानं तसंच लिहिलंय ना? पुरुषाची अक्कल! रोज मूठभर डाळ चिमण्यांना घातली तर चिमण्या रोज त्याच वेळी येऊन बसतील. गावभर बोभाटा. आणि वाण्याकडची डाळ काय फुकट येते?"

पिशीमांचा विळीवरचा हात थांबला. "मग काय करतेस?"

"झाकून ठेवते. तीच मूठ उद्या पुन्हा भाजते. परवा पुन्हा."

"दुसऱ्यांदा भाजलेल्या मुगाला वास येत नाही," पिशीमा लगेच म्हणाल्या. आपण काय बोलून गेलो ते नंतर त्यांच्या ध्यानात आले असावे.

"येत नाहीच. म्हणून जुन्यात चार दाणे नवे टाकायचे. चार दाण्यांचा वास पुरतो, दीदी. जुने काळे पडले की दळून वड्यांत. एक मूठ मला दहा-बारा दिवस जाते."

चुलीवर मसूर रटरटत होती. मग पिशीमांच्या खांद्याला झटका बसला. क्षितीशला वाटले त्या रडताहेत. त्या हसत होत्या. आवाज न करता, तोंडाला पदर लावून, सगळे अंग हलत होते.

"आणि मी! चाळीस वर्षं रोज नवी मूठ भाजतेय! टाकणार कुठं? मग माझ्या गोपाळाला नैवेद्य. रोज मुगाची खिचडी, रोज मुगाची खिचडी. देव माझ्या तोंडाकडे बघून कंटाळला असेल गं!"

"त्यालाही एकदा मसूर द्यायची."

"चूप! नरकात जाशील." आणि पुन्हा हसू. मग डोळे पुसून पिशीमांनी विचारले, "किती वयाची होतीस?"

"एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलं. पोर पोटात. पहिली तीन वर्षं मूगच खाल्ले. मग एकदा जावेनं आपल्या चुलीवर कांद्याची फोडणी देऊन मसूर केली. खोटं कशाला सांगू, नवऱ्यासाठी रडले त्याहून जास्त त्या दिवशी रडले."

पिशीमांनी मान हलवली. त्यांनी कोनाड्यातून दोन दगडी वाट्या काढल्या आणि मसूर वाढली. दोघी शेजारी बसून जेवल्या. पिशीमा मध्येच म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि सरयूबाला म्हणाली, "तुमच्याच डब्यातलं आहे."

खाऊन झाल्यावर पिशीमांनी दाराकडे न पाहताच हाक मारली. "जिन्यावर चोरासारखा उभा आहेस तो. चपला काढून ये."

क्षितीश आत येऊन उभा राहिला.

"रेबाला संध्याकाळी गाडी पाठवते. मी घाबरले, त्याचा दंड त्या पोरीनं भरला. ते माझं मी बघेन. आता तुझं. गोष्ट चांगली आहे. मी नाक ओढलं होतं, ऐकलंस का?"

"ऐकलं, पिशीमा."

"मी गोष्ठला नाही म्हणणार नाही. माझी लाज म्हणशील, तर या वयात मला कोण काय करणार? किल्ल्या माझ्या पदराला आहेत. पण बाबा, तू हे पडद्यावर दाखवलंस की काय होईल, विचार केलास? कुठल्या घरात बायका सिनेमाला जात नाहीत? सासवा बघतील, जावा बघतील, नणंदा बघतील. दुसऱ्या दिवशी घराघरात कढया हुंगत फिरतील. मूग भाजल्याचा वास आला की पातेल्याचं झाकण उघडतील. ज्या पोरींच्या पदराला किल्ल्या नाहीत, त्यांनी काय करायचं?"

सरयूबाला आईच्या आवाजात नव्हे, शेजारणीच्या आवाजात म्हणाली, "आपल्या घरमालकाची धाकटी विधवा भावजय बावीस वर्षांची आहे. तिच्या चुलीवर रोज मूग असतात."

क्षितीशने जिन्याच्या भिंतीकडे पाहिले. हे त्याचे पहिले चित्र होते. त्याचे नाव असलेले. आणि त्यातले हे एक दृश्य असे होते, की त्याच्या जोरावर उरलेली दृश्ये उभी होती. ते काढले तर काकू कुणाचीही काकू झाली असती. कुणीही काढ म्हणून हुकूम केला नव्हता. केला असता तर बरे झाले असते, त्याला भांडता आले असते.

"मूग नसतील," तो शेवटी म्हणाला. "मसूरही नसेल. ती दाराकडे पाठ करून जेवेल. एवढंच."

"लोकांना कळणार नाही," पिशीमा म्हणाल्या.

"नाही कळणार."

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल," सरयूबाला म्हणाली, आणि वाट्या विसळायला उठली.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "मा, आता घरात झाकायचं कशाला? आपण दोघंच तर आहोत."

"घरात दोघं. भिंतीपलीकडे चार घरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मुगाचा वास पुन्हा येऊ लागला.

अनादीदांनी नवे दृश्य ऐकून कपाळावर हात मारला. "माझा चित्रपट काढून घेतलास आणि माझ्या हातात एका बाईची पाठ दिलीस!" का, हे क्षितीशने त्यांना कधीच सांगितले नाही, आणि अनादीदांना शेवटपर्यंत वाटत राहिले की यामागे बंकूबाबूंचा काहीतरी डाव होता. पण ती पाठ त्यांनी फार मन लावून घेतली. नटी कुरकुरली, तोंड दिसत नाही म्हणून. चित्रपट उत्तर कलकत्त्यात बरा चालला, दक्षिणेत आठवडाभरात उतरला. एका समीक्षकाने लिहिले, की पाठमोऱ्या जेवणाचे दृश्य विनाकारण लांबले आहे. पिशीमा सरयूबालाला गाडीतून घेऊन तो चित्रपट पाहायला गेल्या, आणि त्या विनाकारण लांबलेल्या जागी दोघी अशा रडल्या की मागच्या रांगेतल्या माणसाने त्यांना गप्प बसायला सांगितले.

अनादी मित्तिरांनी पुढे आणखी तीन चित्रपट काढले. शेवटचा डब्यातच राहिला आणि ते बागबाजारला भावाकडे राहून बुद्धिबळ शिकवू लागले. गोष्ठबाबूंचे लोखंड १९६०च्या पुढे गंजले, घराचा खालचा मजला भाड्याने गेला. बंकूबाबू कृष्णनगरला परतले, आणि क्षितीश भादुडींना सिनेमात आपणच आणले असे मरेपर्यंत सांगत राहिले. पिशीमा सत्त्याहत्तराव्या वर्षी काशीला गेल्या. जाण्याआधी त्यांनी किल्ल्या रेबाच्या पदराला बांधल्या. गोष्ठबाबूंच्या बायकोच्या नाही, रेबाच्या. रेबाने ते घर तीस वर्षे चालवले, गच्चीवरचे स्वयंपाकघर कधी मोडू दिले नाही, आणि तिथे कोण काय शिजवते हे विचारायची त्या घरात कुणाची छाती झाली नाही.

क्षितीशने नंतर चाळीसच्या वर पटकथा लिहिल्या. नाव झाले, मोठे झाले. पण संशय गेला नाही. कागद तो शेवटपर्यंत कुणाच्या हाती देत नसे, वाचूनच दाखवत असे. सरयूबाला १९६८च्या पौषात गेली. श्राद्धाच्या पंगतीत मसूर करावी असे त्याच्या मनात होते. पुरोहित म्हणाले, श्राद्धाला मसूर चालत नाही. क्षितीशने वाद घातला नाही. त्याने ब्राह्मणांना मुगाची डाळ वाढायला सांगितली, आणि मूग भाजताना स्वतः चुलीशी जाऊन उभा राहिला, चांगला वास सुटेपर्यंत.